सतरा नंबरची नळी

झिरकपूर
रविवार, ३ मार्च २०२४

रेवा,

तुझा फोन ठेवून पंधरा मिनिटं झालीयत आणि मी लगेच कागद घेऊन बसलोय. हसू नकोस. मेसेज टाइप केला की तू म्हणतेस, बाबा, टेंडर नोटीस वाचल्यासारखं वाटतं. आणि फोनवर मला सुचत नाही, कारण समोर तुझी आई बसलेली असते. तू दर रविवारी मला फोन करतेस आणि ती नेमका तेव्हाच लसूण सोलायला घेते. साडेचार वर्षांत आपल्या घरात इतका लसूण सोलून झालाय की अख्ख्या झिरकपूरच्या फोडण्या निघाल्या असत्या.

तर तू विचारलंस, "बाबा, तो कोळी आपण कुठून आणला होता, काही आठवतं का?" आणि मी म्हणालो, नाही गं. फार पटकन म्हणालो.

मला सगळं नीट समजलंय का ते आधी लिहितो, चुकलं तर सांग. इथून तू नेलेल्या शेहेचाळीस नळ्यांपैकी एका नळीत चार मिलिमीटरचा एक नर आहे. उड्या मारणाऱ्या कोळ्यांतला. त्याच्या तोंडापाशी बॉक्सिंगच्या हातमोज्यांसारखे जे दोन अवयव असतात, त्यांची घडण आजवर नोंदलेल्या कुठल्याच जातीशी जुळत नाही. म्हणजे जात नवी. त्रिशूरला बसून तू त्याची चित्रं काढलीस, पायाच्या पेरापेराची मापं घेतलीस, सगळा निबंध लिहून तयार आहे. अडलंय एवढंच, की नळीतली चिठ्ठी कोरी आहे. कुठे सापडला, कधी, कुणी पकडला, काही नाही. ठिकाणच माहीत नसलेल्या एकुलत्या एका नमुन्यावर नवी जात जाहीर करायला तुझ्या मॅडम तयार नाहीत. आणि जूनमध्ये तुझी फेलोशिप संपते. "तोवर नाही कळलं तर सोडून देते, बाबा," असं तू म्हणालीस. सहज म्हणाल्यासारखं म्हणालीस, पण मी तुझा बाप आहे.

आपल्या वरच्या मजल्यावर प्राची राहते, अमरावतीची, नॉलेज सिटीत पीएच.डी. करते. तिला मी जिन्यातच गाठून विचारलं, ठिकाण एवढं महत्त्वाचं कशाला? कोळी तर हातात आहे. ती म्हणाली, "काका, उद्या कुणाला दुसरा शोधायचा झाला तर त्यानं जायचं कुठे? अन् तुम्ही खोटं नाही बोलत हे पाहायचं कसं?" मी म्हणालो, बरोबर आहे, आणि भाजीची पिशवी घेऊन घरात आलो.

त्या चिठ्ठ्या कोऱ्या कशा झाल्या, त्यात आज शिरत नाही. तुझ्या पेन्सिलच्या चिठ्ठ्या काढून कुणी शाईनं नव्या लिहिल्या, ती शाई स्पिरिटनं खाल्ली, दिवाळीला तू घरी आलीस, आईला नको ते बोललीस आणि तेव्हापासून तिच्याशी बोलत नाहीस. बस. पासष्टाव्या वर्षी हे सगळं परत उगाळायची माझ्यात ताकद नाही.

मी आठवून बघतो. खरंच बघतो.

बाबा

ता. क. आई विचारतेय, त्रिशूरला उकाडा सुरू झाला का. म्हणजे मला नाही विचारत, लसणाला विचारतेय.


झिरकपूर
रविवार, १० मार्च

रेवा,

काल स्कूटर काढली आणि सिसवांच्या डोंगरांकडे जाऊन आलो. आईला सांगितलं, हवा भरून येतो. पाच तास! आल्यावर ती म्हणाली, "हवा काय हिमाचलातून आणलीत का?" एअरपोर्ट रोडवर एका ट्रकमागे चाळीस मिनिटं उभा होतो, त्यात माझ्या हृदयातली स्प्रिंग टिकली म्हणजे डॉक्टरनं चांगलीच बसवली म्हणायची.

आठवायला गेलो होतो. रिटायर व्हायच्या आधीच्या त्या दोन वर्षांत तुला मागे बसवून किती हिंडलो आपण. तू झुडपाखाली पांढरी छत्री उलटी धरायचीस आणि मी काठीनं फांदी बडवायचो. चंदीगडला सेक्टर तीसच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं भिंगं घासली, पण कुणी मला "बाबा, जरा हळू, पाय तुटतील त्यांचे" असं कधी म्हटलं नव्हतं. एकदा एक टिल्लूसा कोळी छत्रीच्या काठावर बसून पुढचे दोन डोळे रोखून माझ्याकडे बघत राहिला होता. मी बोट डावीकडे नेलं, तो डावीकडे वळला. उजवीकडे नेलं, उजवीकडे. तू म्हणालीस, "बाबा, तो तुमची तपासणी करतोय." आठवतं?

हे सगळं आठवलं. तो कोळी कुठला ते नाही आठवलं.

एक करशील? त्या नळीच्या बुडाशी, बाहेरून, भिंग लावून बघ. काचेवर एखादा बारीक आकडा असेल. कंपन्या टाकतात कधीकधी. असला तर कळव. विशेष काही नाही, एक शंका आहे.

आणि जेवण वेळेवर कर. रविवारी तुझा आवाज बसल्यासारखा वाटला. (हे आईचं निरीक्षण. तिला कसं कळलं, विचारू नकोस.)

बाबा


झिरकपूर
रविवार, १७ मार्च

रेवा,

"१७. का?" एवढाच तुझा मेसेज आला आणि मी अर्धा तास गच्चीवर फेऱ्या मारत होतो.

आता शांतपणे वाच. या पत्रासोबत आलेखाची एक वही पाठवतोय, स्पीड पोस्टनं, नोंदणी करून. तीत तुझ्या मूळच्या चिठ्ठ्या आहेत. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस. तुझ्या हातच्या, पेन्सिलनं लिहिलेल्या, कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरातल्या, एकेक करून वाळवून चिकटवलेल्या. प्रत्येकीपुढे आकडा आहे. नळीच्या बुडावर जो आकडा, वहीत जो आकडा, ती चिठ्ठी त्या नळीची. म्हणजे फक्त हाच नाही, तुझ्या सगळ्याच कोळ्यांची गावं तुला परत मिळाली.

आणि सतरा नंबरची चिठ्ठी म्हणते: "चंदीगड, से. ३०, कॉलनी, घराचं मागचं अंगण, कढीपत्ता. १४-४-१९. पकडला: आई."

सिसवां नाही, मोरणी नाही, काही नाही! आपलं मागचं अंगण. मी तिकडे डोंगरात हवा भरत होतो.

तुझ्या लक्षात नसणार. तू त्या दिवशी मोरणीहून दमून आली होतीस. आईनं दुपारी बडीशेपेच्या रिकाम्या बाटलीत धरून तो फ्रिजवर ठेवला होता आणि तू येईपर्यंत तो गार झाला होता. तू न बघताच नळीत टाकलास, चिठ्ठी खरडलीस आणि झोपलीस. पण नाव प्रामाणिकपणे आईचं लिहिलंस, हे मला फार आवडलं.

ही वही आईकडे होती. तिनं चिठ्ठ्या बदलल्या तेव्हा जुन्या टाकवेनात म्हणून चिकटवून ठेवल्या, आणि मग घर बदलण्याच्या गडबडीत विसरून गेली. मला परवा माळ्यावर, दिवाळीच्या पणत्यांच्या खोक्यात सापडली. नळ्यांवरचे आकडे म्हणशील तर ते बहुधा मी आधीच कधीतरी टाकले असतील, नळ्या रिकाम्या होत्या तेव्हा. तुला ठाऊक आहे माझी सवय.

तर आता आईवर राग धरायला काही कारण उरलं नाही. तिनं घालवलं, तिनंच जपलं. फिटंफाट. तिला एक फोन कर.

बाबा


झिरकपूर
सोमवार, ८ एप्रिल

रेवा,

उद्या पाडवा. आई कडुनिंबाची डहाळी आणायला खाली गेलीय आणि जाताना माझ्यासमोर कागद आणि पेन आपटून गेलीय. म्हणजे ती परत येईपर्यंत पत्र लिहून झालं पाहिजे. झिरकपूरमध्ये कडुनिंब लांब नाही. तेव्हा मुद्द्याचंच लिहितो.

मागच्या पत्रातलं चिठ्ठ्यांचं आणि अंगणाचं सगळं खरं आहे. वही आईची, मला ती परवा सापडली, आकडे रिकाम्या नळ्यांवर टाकले, हे खोटं आहे. आई त्या नळ्यांच्या वाऱ्यालाही उभी राहिली नव्हती. चिठ्ठ्या मी बदलल्या. मी, कृष्णकांत, तुझा बाप.

दोन हजार एकोणीसचा जून होता. मी रिटायर झालो होतो, सेक्टर तीसचं क्वार्टर सोडायचं होतं, तू उत्तराखंडात होतीस. सामान बांधताना तुझं खोकं निघालं. रिकामा बसलो होतो गं. तीस वर्षं सकाळी साडेआठला निघणारा माणूस. वाटलं, पोरीचं अक्षर कुणाला वाचता येत नाही, आपण नीट ड्रॉइंगच्या अक्षरात लिहून देऊ, खूश होईल. आणि कामात मी कधी अंदाजपंचे नव्हतो. एका वेळी एकच नळी उघडायची. आधी हिऱ्याच्या टोकाच्या हिरकणीनं बुडाशी आकडा कोरायचा, कारण कागदावर कधी विसंबायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. भिंगाचा नंबर भिंगाच्या कडेवर, वहीत नंतर. जुनी चिठ्ठी वाळवायची, चिकटवायची. नवी आत सोडायची. आठ दिवस हे करत होतो. आई म्हणायची, "अहो, भांडी कोण बांधणार?"

आणि शाई तपासली होती, रेवा! एक चिठ्ठी स्पिरिटमध्ये बुडवून तासभर ठेवली. हलली नाही. तासभर! जो माणूस एक भिंग पास करायला तीन दिवस घेत होता, त्यानं तुझ्या दोन वर्षांच्या कामाला एक तास दिला. वर्कशॉपमधली शाई जन्मात उडत नसे. ही बाटली नवी आणलेली होती, तीत काय होतं देव जाणे. चार महिन्यांत सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या आणि स्पिरिट करडं.

आता दिवाळीचं. हे लिहायला जड जातंय.

मला हॉस्पिटलमधून सोडून आठ दिवस झाले होते. मी आतल्या खोलीत पडलो होतो, जागा होतो. तू बाहेर खोकं उघडलंस आणि ओरडलीस, "हे कुणी केलं?" मी उठायला लागलो, तेवढ्यात आईचा आवाज आला. "मी केलं. अक्षर लागत नव्हतं म्हणून नवीन लिहिलं." डॉक्टरनं मला कसलाही ताण नको म्हणून बजावलं होतं, म्हणून तिनं ते अंगावर घेतलं. मग तू म्हणालीस, "दहावी शिकलेल्या बाईनं माझ्या वस्तूंना हात लावायचाच कशाला?"

मी ऐकलं. प्रत्येक शब्द ऐकला. आणि मी परत आडवा झालो, पांघरूण ओढून घेतलं. खरं सांगू? त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. ही गोष्ट मी तुझ्या आईलाही आठ दिवसांपूर्वीपर्यंत सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तू निघून गेलीस. मी ठरवलं, बरं वाटलं की सांगेन. मग लॉकडाउन आला. मग तुझे रविवारचे फोन सुरू झाले, बाबा औषध घेतलं का, बाबा आज किती चाललात. मला ते गोड लागायला लागलं. वही माळ्यावर होती, मला रोज माहीत होतं ती कुठे आहे. ती दिली असती तर सगळ्या नळ्या त्याच दिवशी बोलायला लागल्या असत्या. पण वहीतले आकडे नळ्यांच्या बुडाशी कोरलेले, आणि तसं कोरणारा हात घरात एकच. वही दिली की मी उघडा पडणार. म्हणून तुझी साडेचार वर्षं, आणि तिचीही, मी पणत्यांच्या खोक्यात ठेवली.

आणखी एक. तुझे फोन मी तुला न सांगता स्पीकरवर लावायचो. तेवढं मी तिच्यासाठी करत होतो, असं मनाला सांगायचो.

आता तू म्हणशील, आज का सांगताय? मागच्या पत्रातली थाप तर चालली होती. चाललीच होती! ३१ तारखेच्या रविवारी तू पहिल्यांदा आईला फोन केलास. ती ओल्या हातांनीच धावली. मी बाहेर बसून स्वतःवर खूश होतो, म्हटलं, सुटलो बुवा, दोघी बोलायला लागल्या, कुणाचं काही बिघडलं नाही. ती पाच मिनिटांनी बाहेर आली ती लाल होऊन.

"ती म्हणाली, आई, मी तुला माफ केलं."

मी म्हणालो, बरं झालं की.

"बरं झालं? माफ केलं म्हणे मला! कशाबद्दल? आणि वर म्हणते, तू चिठ्ठ्या जपल्यास म्हणून. मी कुठल्या चिठ्ठ्या जपल्या? अहो, तुमची चूक माझ्या नावावर खपली, ती मी खपवून घेतली, तुमचं दुखणं होतं. आता तुमची हुशारीपण माझ्याच नावावर? त्या पोरीनं मला दहावी शिकलेली म्हटलं तेव्हा मी रडले नाही. पण न केलेल्या गोष्टीची माफी मला नको. मला माझी पोर हवी होती, सरळ. ही अशी उष्टी नको."

मग तिनं मला विचारलं, दिवाळीच्या त्या रात्री तुम्ही झोपला होतात ना? लग्नाला सदतीस वर्षं झाली, तिच्याशी मी बऱ्याच बारीकसारीक थापा मारल्यात. ही नाही मारता आली. म्हणालो, जागा होतो. ती उठून आत गेली. आठ दिवस झाले, पानात वाढते, औषधं हातात देते आणि बोलत नाही. तिनं बोललेलं परवडतं.

रेवा, मी माफी मागतोय आणि ती तू द्यावीस असं मला म्हणायचं नाही. तुझे रविवार गेले तर ते मीच घालवले. पण तुझ्या निबंधात जिथे सापडल्याचं ठिकाण आणि पकडणाऱ्याचं नाव लिहायचं असतं, तिथे आईचं नाव लिहिताना ते माफ केलेल्या बाईचं म्हणून लिहू नकोस. त्या अंगणात तो कोळी तिनं पाहिला, तिनं धरला, आणि त्याचा जिवंतपणीचा रंग बघितलेलं माणूस जगात एकच आहे. स्पिरिटमध्ये रंग उडतात, हे तूच मला शिकवलंस. तिला विचार.

दार वाजलं. आली.

बाबा


झिरकपूर
रविवार, १९ मे

रेवा,

सहा रविवार माझा फोन वाजला नाही. तक्रार नाही, नोंद करतोय.

आईचा वाजतो. पहिल्यांदा वाजला तेव्हा ती आत गेली आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. चाळीस मिनिटं. मी दारापाशी गेलो नाही, शपथ. पण कुकरची शिट्टी होऊन गेली तरी गॅस बंद झाला नाही, तेव्हा समजलो की दोघी रडतायत. नंतर तिचा आवाज चढला, "शेंदरी नाही गं! गाजर हलव्यात तूप सुटल्यावर येतो ना, तो रंग. हो, तोंडावर, पुढच्या डोळ्यांच्या खाली. आणि डोक्यावर मोतिया पट्टी. अगं, पुढचे दोन पाय वर करून हलवत होता मेला, मला वाटलं सलामच करतोय!" मी बाहेर सोफ्यावर बसून ऐकत होतो. दहावी शिकलेली बाई. पाच वर्षं तिच्या डोक्यात तो रंग तसाच होता आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं.

बाहेर येऊन पंधरा-वीस दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "उद्या सेक्टर तीसला जायचंय. रेवाला मादी हवीय."

आपल्या जुन्या क्वार्टरमध्ये आता मिसेस गिल राहतात. आई दारात उभी राहून म्हणाली, "जी, हम पहले यहाँ रहते थे, हमें आप के कढ़ीपत्ते पे एक मकड़ी देखनी है." दुसरं कुणी असतं तर दार लावलं असतं. त्या म्हणाल्या, "आओ जी, आओ, पौधा तो आप का ही है, मैं तो बस पत्ते तोड़ती हूँ," आणि लस्सी आणायला आत गेल्या. आईनं लावलेली ती काडी आता माझ्या डोक्याच्या वर गेलीय. थंडीनं तीनदा मारली, तीनदा परत फुटली, असं मिसेस गिल सांगत होत्या.

पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत मुंग्या. मी म्हणालो, फांदी बडवू का? आई म्हणाली, "तुम्ही हात लावू नका. तुम्ही फक्त बघा." तिसऱ्या फेरीत, गेल्या मंगळवारी, सकाळी साडेनऊला, तिनं एक पान उलटं केलं आणि तशीच थांबली. पानाच्या मागे पांढरी दोऱ्याची घडी आणि तिच्यात ती. मादी. साधी, मातकट, घरात कामाच्या साडीत असतात बायका तशी. आणि वरच्या पानावर तो, दोन्ही पाय वर करून. तोंडावर गाजर हलव्याचा रंग, तूप सुटलेला. रेवा, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तीस वर्षं मी भिंगं घासली, पण बघायचं काम घरात कुणीतरी दुसरंच करत होतं.

बडीशेपेच्या दोन बाटल्या. त्या मला धरूही दिल्या नाहीत, स्कूटरवर मागे बसून तिनं त्या पदराखाली धरल्या, झिरकपूरपर्यंत. प्राचीनं फोटो काढलेत, तुला पाठवलेही. स्पिरिट तिनंच दिलं. चिठ्ठ्या आईनं लिहिल्या. पेन्सिलनं. मी नुसतं म्हणालो, 'से.' जरा नीट काढ, तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी उठून पाणी प्यायला गेलो. दोन्ही चिठ्ठ्यांवर पकडणाऱ्याच्या नावात तिनं "यमुना" लिहिलं आहे. पूर्वीसारखं "आई" नाही. ते तुझ्या निबंधात चालत नाही, असं तूच तिला सांगितलंस म्हणे.

आणि मग ती माझ्यासमोर दोन्ही नळ्या ठेवून म्हणाली, "रेवानं निरोप दिलाय. चिठ्ठ्यांना बाबांनी हात लावायचा नाही. पण बुडाशी आकडा त्यांच्याकडूनच घालून घे."

मी दोनदा विचारलं, असंच म्हणाली? ती म्हणाली, "असंच. आता बसा."

हिरकणी शोधायला वेळ लागला. हात पूर्वीसारखा राहिला नाही. सत्तेचाळीस मादी आणि अठ्ठेचाळीस नर. सत्तेचाळीसमधल्या चाराची शेपटी थोडी लांबली आहे, ते भिंगातून दिसेल तुला. पुसता येत नाही, काच आहे. तशीच घे.

पार्सल उद्या निघेल. जूनच्या आत पोचतंय.

एक सांगून ठेवतो, कारण आता लपवून काही करायचं नाही असं ठरवलंय. तुझा फोन आला की आई हल्ली स्पीकर लावते. मला काही म्हणत नाही, मोबाइल टेबलावर ठेवते, लसणाची टोपली माझ्याकडे सरकवते आणि तुझ्याशी बोलत बसते. मी सोलत असतो.

बाबा